खाडा

वखार पाडताना पत्र्याच्या पेटीत सापडली,
रद्दीवाल्याकडून मी वीस रुपयांना सोडवून आणलेली
ही हजेरीवही. निपाणी, सन एकोणीसशे सत्तावन्न.
वास अजून इतका ताजा की
पहिलं पान उघडलं आणि सम्मेद चौगुले शिंकला,
मागोमाग अख्खी नववी.

"प्रश्न काढा," म्हणालो.
आजवर यांच्याकडून उत्तरंच काढून घेतली आम्ही,
तेव्हा त्यांनी पाठ होते तेच काढले:
तंबाखूचे दुष्परिणाम लिहा.
निपाणी कशासाठी प्रसिद्ध आहे?
"सर, हे परीक्षेला हाय काय ओ?"

ज्याचं उत्तर वही न उघडता देता येतं
तो प्रश्न वहीचा नव्हे.
ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे
तो माझा, तुमचा नव्हे.
बोलून गेलो खरा, पण खिशात
रात्री जागून काढलेले माझे दहा प्रश्न
घडीसकट टोचत होते.

मग बराच वेळ नुसतं बघणं.
नाव, हजेरी, रोजी, आंगठा.
गंगव्वा. बाळव्वा. शेवंता. हुसेनबी.
एकीलाही आडनाव नाही,
आणि दिवाणजीची सही पाऊण ओळ खाऊन बसलेली.
"आडनावं का न्हाईत?" प्रज्वलनं विचारलं,
दम न घेता स्वतःच सांगून टाकलं,
"गरीब होत्या की."

गरीब कुठं लिहिलंय? बोट ठेव.
त्यानं रोजीवर ठेवलं: बारा आणे.
बोट घसरत एप्रिलात गेलं, तिथं नवे पैसे: बहात्तर.
वहीच्या मागे, पेन्सिलीनं, ओठ हलवत
त्यानं हिशेब केला. पुन्हा केला.
"सर, बारा आण्यांचे पंच्याहत्तर होत्यात.
तीन पैसे कुठं गेले?"
मला ठाऊक नव्हतं.
इतकं बरं वाटलं ते म्हणताना.

कविता हत्तरगी कोपऱ्यात. घरी कन्नड,
शाळेत मराठी, दोन्हीकडं कमीच बोलणारी.
तिनं पान उन्हाकडं धरलं होतं.
एका गुरुवारी सलग अकरा खाडे,
अकरा फुल्या, एकाखाली एक, टाका घातल्यासारख्या.
"संप!" सम्मेद ओरडला. "जत्रा!" दुसरा.
असेल. दोन्ही उत्तरं दाराबाहेर बसू देत,
चपलांजवळ. लागली तर हाक मारू.

"सर, आदल्या दिवशी समासात कायतरी हाय."
मला वाटत होतं डाग.
शिसपेन्सिलीची, पुसट, कन्नड अक्षरं दोन.
"'नाळे' लिवलंय. उद्या."

सगळी वही मराठीत, आणि एक शब्द तेवढा कन्नडात.
अक्षर कुणाचं, दिवाणजीचं नव्हे, हे त्यांनीच
वळणं ताडून ठरवलं. मी फक्त खडू दिला.
फळ्यावर आलं: 'नाळे कुणी लिहिलं?'
खोडलं. 'का लिहिलं?' तेही खोडलं.
मग कविता उठली, आणि खडूकडं बघतच म्हणाली,
"अकराबी बायकांचे आंगठेच हाईत.
वाचता येत न्हवतं, तर लिवलं कुणासाठी?"

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

माझ्या दहांत हा नव्हता.
दहा रात्री जागलो असतो तरी नसता.
कोण हयात असेल, कुणाच्या गल्लीत,
विचारायचं कुठल्या भाषेत,
आणि "आमची आई कशाला वखारीत जाईल?" म्हणून
कुणी दार लावलं तर काय,
यावर घंटा झाली तरी वाद चालूच होता.

शेवटी हजेरी घ्यायची राहिलेली आठवली.
आसमा बागवान. आसमा?
या आठवड्यातला तिसरा खाडा.
पेन टेकवला, आणि तसाच धरून राहिलो:
चौदा वर्षं भरतोय हा हजेरीपट,
समासात त्याच्या मी आजवर
काही वाचलेलं नाही.